बाबासाहेबांचे अठरा तास आणि बारा वर्षांच्या मुलाची झोप

बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. एप्रिल जवळ आला की गावोगावी सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात. त्यात वावगे काही नाही. पण येरमाळ्यात दवाखाना चालवताना हेच वाक्य मला वेगळ्या प्रसंगी ऐकू येते. समोर सातवी-आठवीतला मुलगा बसलेला असतो, डोळे तांबारलेले, मान खाली. वडील सांगतात की याला रात्री बारापर्यंत अभ्यासाला बसवतो, पहाटे चारला उठवतो, तरी मार्क नाहीत. उलट हल्ली हा घरात तोंड वर करून बोलतो, न विचारता मोटारसायकल काढून हायवेला जातो, खिशात गुटख्याची पुडी सापडली. आणि मग बाबासाहेबांचे उदाहरण येते.

अठरा तासांची गोष्ट खरी आहे. मात्र ती त्यांच्या कोणत्या वयातली आहे, हे कुणी विचारत नाही. बाबासाहेब बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांच्या रात्री कशा गेल्या, तेव्हा त्यांच्या हातून काय होऊ घातले होते आणि वडिलांनी त्यांच्या झोपेचे काय केले, ही गोष्ट पालकांच्या जास्त कामाची आहे.

साताऱ्यातला भिवा

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. आई भीमाबाई. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. घरात त्यांना भिवा म्हणत. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला आणि नंतर साताऱ्याला राहिले. साताऱ्यातच आई वारली. भिवा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. त्यानंतर त्याला सांभाळले ते आत्या मीराबाई यांनी. त्यांच्या पाठीला कुबड होते, पण आईविना पोराचे सगळे लाड त्यांनीच केले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज ते प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते आणि हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेत त्याला वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी स्वतः नळाला हात लावता येत नसे, दुसऱ्या कुणी नळ सोडला तरच पाणी मिळे.

त्याच सुमारास रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल म्हणून गेले होते. १९०१ मध्ये सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून भिवा, मोठा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीने निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. येण्याची वर्दी वडिलांपर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळे घ्यायला कुणी आले नाही. मुले महाराची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. रात्र वाटेतच झाली. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी कुणी देईना. पाण्याविना अन्न घशाखाली उतरेना. जकातनाक्याजवळ गाडी सोडून, उपाशी आणि घाबरलेल्या त्या मुलांनी दोघांनी झोपायचे आणि दोघांनी जागायचे असे ठरवून रात्र काढली. भिवा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता.

मुलांच्या झोपेविषयी बोलताना हा प्रसंग सांगण्याचे कारण आहे. मूल रात्री जागे का, याचे उत्तर दर वेळी मोबाइल नसते. भीती, भूक, अपमान, घरातले भांडण यांनीही झोप जाते. आमच्या भागात दारू पिऊन येणाऱ्या वडिलांच्या पावलांचा कानोसा घेत जागणारी मुले आहेत. उसाच्या फडावर आईवडिलांबरोबर गेलेली आणि रात्री गाडी भरताना पाचटावर पेंगणारी मुले आहेत. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा बॅटरी धरायला म्हणून वडिलांबरोबर रानात जाणारी आठवीतली मुले आहेत. अशा मुलाला नुसते लवकर झोपत जा म्हणून सांगण्यात अर्थ नसतो.

चार रात्री

पुढे रामजींनी दुसरे लग्न केले. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भिवाला ते सहन झाले नाही. वडिलांच्या पैशावर आता राहायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले. शाळेतले लक्ष उडालेच होते. कधी बागकामाचे वेड, कधी शेळ्यांमागे हिंडणे, कधी स्टेशनवर हमाली, असे त्याचे दिवस चालले होते. साताऱ्याची काही मुले मुंबईच्या गिरण्यांत बॉबिनच्या कामाला लागल्याचे त्याच्या कानावर आले होते. आपणही तेच करायचे, हे ठरले.

प्रश्न गाडीभाड्याचा होता. आत्याजवळ पैशाची छोटी पिशवी असे आणि ती त्या कमरेला खोचून झोपत. भिवा आत्याजवळच झोपायचा. ती पिशवी चोरायची आणि पळून जायचे, असा त्याचा बेत झाला. तीन रात्री त्याने प्रयत्न केला आणि तिन्ही रात्री जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. उघडून पाहतो तर आत अवघा अर्धा आणा! तेवढ्यात मुंबई काही येणार नव्हती.

त्या चार रात्रींनी मुलगा आतून हलला. स्वतःची शरम वाटली. उनाडक्या सोडायच्या, अभ्यास करायचा आणि शिकून लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असे त्याने ठरवले. ही हकिकत त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे आणि ती लपवण्यासारखी अजिबात नाही. उलट, पोरगा चोर निघाला म्हणून डोक्याला हात लावून बसलेल्या पालकांना मी ती मुद्दाम सांगतो.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. झोप कमी झाली म्हणून भिवा चोरी करायला निघाला, असे मी म्हणत नाही. त्यामागे आईविना बालपण होते, वडिलांवरचा राग होता, गरिबी होती, शाळेतला अपमान होता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुलाचे निदान आज खुर्चीत बसून करणे हा आगाऊपणा होईल. पण त्या चार रात्रींचा क्रम मला ओळखीचा वाटतो. मन अस्वस्थ, म्हणून रात्री जाग. रात्रीच्या शांततेत डोक्यात एकच बेत फिरत राहतो. दिवसा डोके जड, शाळेत लक्ष नाही, आणि पुन्हा रात्री तोच बेत, कालच्यापेक्षा थोडा अधिक सोपा वाटणारा. पळून गेलेल्या, विहिरीच्या काठावरून परत आणलेल्या, मित्राच्या गाडीवर रात्री दोनला सोलापूर रोडला सापडलेल्या मुलांशी नंतर बोललो तर बहुतेक वेळा हाच क्रम निघतो. आधीच्या चार-आठ रात्री ती नीट झोपलेली नसतात आणि ते घरात कुणाच्या लक्षात आलेले नसते.

पिशवीत अर्ध्या आण्याऐवजी दोन रुपये असते तर? तेव्हाच्या १८९१ च्या कारखाना कायद्यानुसार नऊ वर्षांवरच्या मुलाला गिरणीत कामाला ठेवता येत होते आणि चौदा वर्षांखालच्यांना दिवसाला सात तासांपर्यंत राबवता येत होते. भिवाला काम मिळायला अडचण आली नसती.

या वयात झोप कमी पडली की काय होते

अकरा ते चौदा या वयात मेंदूत दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने वाढतात. नवे करून पाहण्याची ओढ, मजा, मित्रांची वाहवा यांकडे धावणारा भाग आधी जोर धरतो. कपाळामागचा भाग, जो परिणामांचा विचार करतो आणि थांब म्हणतो, तो पक्का व्हायला विशीचा मध्य उजाडतो. साध्या भाषेत, गाडीला इंजिन आधी बसते आणि ब्रेक नंतर. अपुरी झोप आघात करते ती या अर्धवट बसलेल्या ब्रेकवर. झोप न झालेल्या मुलाला धोका दिसत नाही असे नाही, दिसतो. पण त्या क्षणी मिळणारी मजा मोठी वाटते आणि धोका लहान. राग पटकन येतो, रडू पटकन येते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर नसलेला अपमानही दिसू लागतो.

याच वयात आणखी एक बदल होतो. अंधार पडल्यावर झोप आणणारे मेलाटोनिन नावाचे संप्रेरक या मुलांत पूर्वीपेक्षा उशिरा, कधी कधी दोन तासांपर्यंत उशिरा वाढू लागते. म्हणजे नऊला गाढ झोपणारे मूल तेरा वर्षांचे झाले की त्याला साडेदहा-अकरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. याला आळस म्हणतात, पण तो आळस नसतो. त्यात हातात मोबाइल असेल तर झोप आणखी पुढे जाते, आणि सकाळची शाळा किंवा शिकवणी काही पुढे सरकत नाही. मधल्या मध्ये झोपेचे दोन-तीन तास रोज कापले जातात.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेत २००७ ते २०१५ या काळातल्या नववी ते बारावीच्या सुमारे ६८ हजार मुलामुलींच्या माहितीचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये दारू, तंबाखू, इतर नशा आणि पिऊन गाडी चालवणे यांचे प्रमाण आठ तास झोपणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न तिपटीहून जास्त. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. नशेमुळे झोप जाते, दुःखामुळे दोन्ही होते, हेही खरे. तरीही या सगळ्या गुंत्यातला पालकांच्या हाताला लागणारा धागा झोपेचा आहे. मुलाचा स्वभाव, त्याची संगत, घरची परिस्थिती एका आठवड्यात बदलता येत नाही. रात्रीची वेळ बदलता येते.

आमच्याकडे धोका कोणत्या रूपात येतो, तेही सांगतो. चालत्या ट्रॉलीला लटकून ऊस ओढणे, तिघांनी एका मोटारसायकलवर हायवेला जाणे, पोहता येत नसताना विहिरीत उडी, मोबाइलवरचे पैशाचे खेळ, पानटपरीवर मोठ्या पोरांत उभे राहून घेतलेली पहिली पुडी. यातले एखादे मूल एकदा करते तेव्हा ते वय असते. वारंवार करू लागले की मी आधी रात्रीची चौकशी करतो. येडेश्वरीच्या यात्रेत दोन-चार रात्री जागरण झाले, म्हणून काही बिघडत नाही. महिनोन् महिने रोज तुटणाऱ्या झोपेविषयी मी बोलतो आहे.

परळची खोली

१९०४ मध्ये रामजी कुटुंबाला घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत त्यांना एकच खोली होती. तीत स्वयंपाक, तीत पाहुणे, तीत सामान आणि तीत सगळ्यांचे झोपणे. उशाशी जाते, पायथ्याशी बकरी, अशी जागा. दिवसभर चाळीचा गलबला. तेरा वर्षांच्या मुलाने अभ्यास करायचा तर शांतता मिळे ती फक्त मध्यरात्रीनंतर.

रामजींनी काय केले ते पाहा. भीमरावाला ते रात्री लवकर झोपायला लावत. स्वतः मात्र दोन वाजेपर्यंत जागत. दोनला मुलाला उठवत आणि त्याने सोडलेल्या जागेवर स्वतः आडवे होत. मुलगा रॉकेलच्या मिणमिणत्या चिमणीवर पहाटेपर्यंत वाचत बसे.

आपल्याकडे या हकिकतीतला दुसरा अर्धा भागच सांगितला जातो. पोरगा रात्री दोनला उठायचा! पहिला अर्धा भाग असा, की बाप दोनपर्यंत जागत होता म्हणून पोरगा आधी झोपू शकत होता. निवृत्त सुभेदार, पेन्शन तुटपुंजी, वय झालेले. तरी पहिले जागरण त्याने स्वतःकडे घेतले. मुलाच्या वाट्याला त्या खोलीत जेवढी सलग झोप काढता येईल तेवढी काढून दिली.

डॉक्टर म्हणून मला विचाराल तर दोन वाजता उठण्याची ही पद्धत आज कुणी उचलू नये. झोपेचे दोन तुकडे करणे वाढत्या वयात चांगले नाही. पहाटेच्या झोपेत स्वप्नांचा भाग जास्त असतो, भावना आणि आठवणी स्थिर व्हायला तो लागतो आणि नेमका तोच कापला जातो. रामजींपुढे दुसरा मार्ग नव्हता. ज्याच्या घरात दोन खोल्या, विजेचा दिवा आणि संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद ठेवण्याची सोय आहे, त्याने मुलाला दोनला उठवण्याचे कारण नाही.

घेण्यासारख्या आहेत त्या दुसऱ्या गोष्टी. झोपण्याची वेळ मुलावर सोडलेली नव्हती, ती वडील ठरवत. रात्री मुलगा काय करतो आहे हे घरातल्या मोठ्या माणसाला ठाऊक होते. आणि मुलाला हवी असलेली पुस्तके आणण्यासाठी रामजी लग्न झालेल्या मुलींकडून उसने पैसे घेत, प्रसंगी दागिना गहाण टाकत. वडिलांवर रुसून गिरणीत पळून जायला निघालेला मुलगा त्याच वडिलांच्या सोबतीने रात्री अभ्यासाला बसू लागला, यात वेळापत्रकापेक्षा या सोबतीचा वाटा मोठा असावा असे मला वाटते.

मुंबईत भीमराव आधी मराठा हायस्कुलात आणि मग एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. ओळख झाली आणि पुस्तके मिळू लागली. घराबाहेरचा एक विश्वासू मोठा माणूस या वयाच्या मुलाला किती सावरू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या घराघरात या गुणांवर रडारड झाली असती. तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा झाली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले.

अठरा तास कधीचे

एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर ते बडोद्याच्या नोकरीत गेले. तिथे पोचून फार दिवस झाले नव्हते तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. वय बावीस. पहिले काही महिने तिथल्या मोकळ्या हवेत, मित्रांत आणि खेळांत गेले. मग एका रात्री आपण इथे कशासाठी आलो आहोत, हा विचार मनात आला आणि अठरा तासांचा तो प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला.

म्हणजे अठरा तास आहेत ते बावीस वर्षांच्या, लग्न झालेल्या, स्वतःचा निर्णय स्वतः घेतलेल्या माणसाचे. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली होती. १९१७ मध्ये ती संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये साठवलेल्या आणि उसन्या पैशांवर ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ग्रंथालय, संध्याकाळी जेमतेम खाणे आणि रात्री उशिरापर्यंत वाचन. खोलीतला सोबती आता झोपा म्हणून विनवत असे. पण खायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही, अशी त्यांची अवस्था होती. १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली. हे त्यांनी कशासाठी सोसले ते सगळा देश जाणतो. म्हणूनच बाराव्या वर्षाच्या मुलापुढे ते शिक्षा म्हणून ठेवू नये.

पुढचे आयुष्य आपल्याला परिचयाचे आहे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चा काळारामचा, गोलमेज परिषदा. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते आपल्या जिल्ह्यातही आले होते, कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी. तडवळ्याची जुनी माणसे अजून तो विषय अभिमानाने काढतात.

प्रकृतीने मात्र त्रास द्यायला सुरुवात केली होती. मधुमेह होता. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना, १९४७-४८ च्या सुमारास, पायांत मज्जातंतूंच्या वेदना होत. त्या रात्री वाढत आणि कित्येक रात्री झोप लागत नसे. मधुमेहाच्या रुग्णांना ही तक्रार चांगली ओळखीची असेल: दिवसा पाय बरे, रात्री आग आणि टोचणी. त्याच काळात उपचारांच्या निमित्ताने ओळख झालेल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांनी १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह केला, त्याच डॉ. सविता आंबेडकर. दीर्घकाळ झोप कमी मिळाली तर मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, हे आज माहीत आहे. बाबासाहेबांच्या बाबतीत आनुवंशिकता, उपासमार, ताण, यातल्या कशाचा वाटा किती, ते वेगळे काढता येणार नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री ते दिल्लीत आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेवर नजर फिरवत होते. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच त्यांचे निर्वाण झाले. वय पासष्ट.

घरी काय करता येईल

रविवारी मूल किती उशिरा उठते ते पाहा. शाळेच्या दिवसापेक्षा दोन तासांहून जास्त झोपत असेल तर आठवडाभराची झोप थकलेली आहे. झोपायची वेळ हळूहळू, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी मागे आणा. एकदम दहाला झोप म्हटले तर मूल अंधारात डोळे उघडे ठेवून पडेल. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत, आणि एकच खोली असेल तर मोठ्यांच्या उशाखाली. पण मग मोठ्यांनीही तो पाहत बसू नये. संध्याकाळनंतर चहा नको. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे अंगणात उजेडात. पहाटेची शिकवणी आणि रात्रीची शिकवणी यांपैकी एकच ठेवा. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. गंमत अशी की झोप ज्यांची सर्वांत उशिरा येते ती सातवी-आठवीची मुले त्यातून सुटली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये याच मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली होती. तुमची मुलगी आठवीत असेल आणि शाळा सातची असेल तर पालकसभेत हा विषय काढायला हरकत नाही. मुलगी मुद्दाम म्हटले, कारण पहाटे उठून आधी झाडलोट, पाणी आणि भाकरी करून शाळेला जाणाऱ्या मुलींच्या झोपेचा हिशेब आपल्या घरांत क्वचितच होतो. त्या गाड्या पळवत नाहीत, म्हणून त्यांची तक्रारही कुणी करत नाही. त्यांची कमी झोप रडण्यातून, गप्प बसण्यातून, कधी मोबाइलवर ओळख झालेल्या अनोळखी माणसावर विश्वास टाकण्यातून बाहेर येते.

रात्री खिसे आणि मोबाइल तपासण्याआधी मुलाशेजारी बसून झोप का लागत नाही, एवढेच विचारा, आणि उत्तर यायला वेळ द्या. पहिल्या रात्री ते येणार नाही.

डॉक्टरांकडे कधी यावे

वेळेवर झोपूनही मूल दिवसा पेंगत असेल, रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या असू शकतात, त्या दाखवून घ्या. रात्री पाय सतत हलत असतील तर लोहाची कमतरता तपासावी लागते. रात्री वाढणारी खाज असेल तर खरूज किंवा जंत. आमच्याकडे मुलांची झोप मोडण्याचे हे फार साधे आणि फार दुर्लक्षित कारण आहे, आणि खरूज असेल तर औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यावे लागते. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून मुलाला देऊ नका.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली आहे, मूल मित्रांत जात नाही, जेवत नाही, आपण नकोसे झालो आहोत असे बोलते किंवा अंगावर जखमा करून घेते, तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा. त्या रात्री त्याला एकटे झोपू देऊ नका, आणि घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते.